हिशेब जुळेना की पुडी

प्रश्न : मी पतसंस्थेत रोखपाल आहे. मार्चअखेरीस हिशेब जुळेना, की हात तंबाखूच्या पुडीकडे जातो. दोनदा सोडली, पुन्हा लागली. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, माझे वडील गिरणीत पाळी बदलताना तंबाखू मळायचे, म्हणून तुमचं पत्र फार जवळचं वाटलं. तंबाखूने ताण जात नाही. निकोटिन उतरताना होणारी बेचैनी पुढची चिमूट शमवते, आणि आपल्याला वाटतं ताण गेला! तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ खुर्चीवरून उठा, पाणी प्या. खिशात पुडीऐवजी बडीशेपेची डबी ठेवा. हाताला जुनी जागा सापडते. दोनदा सोडलीत, तो अनुभव वाया गेलेला नाही. कोणत्या क्षणी पुन्हा लागली, तेवढं वहीत लिहा. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशकाशीही बोला.