राजीनाम्यावर सही कर, असं मुलाला सांगू नका

नाशिकमधल्या सातपूरच्या अशोकनगरमधून एका वडिलांचं पत्र आलं आहे. अंबडच्या कारखान्यात 28 वर्षं काढून ते निवृत्त झाले. मुलगा सहा वर्षांपासून हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. तिथे दीड वर्षात तीनदा कपात झाली आणि दर वेळी वरच्यांनी ‘आता ही शेवटची’ असं सांगितलं. मुलगा वाचला, पण ‘वरच्या कुणावर विश्वास नाही’ म्हणतो. वडिलांनी त्याला बजावलंय: मान खाली घालून काम कर, वेळ आलीच तर रेकॉर्डवर डाग नको म्हणून राजीनामा देऊन मोकळा हो, आणि स्थळं बघतोय तेव्हा नातेवाइकांत वाच्यता नको. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय. ‘खासगी नकोच, बीएस्सी करून एमपीएससी, असं मी ठरवलंय. बरोबर ना?’

नमस्कार.

प्रश्न तुम्ही मुलीबद्दल विचारलात, पण पत्रातला तीन चतुर्थांश मजकूर मुलाबद्दल आहे. म्हणून उत्तरही आधी त्याच्याबद्दलच देतो.

तुम्ही लिहिलंय, गेल्या महिन्यात तो घरी आला होता. जेवताना फोन वाजला आणि त्याने खरकट्या हातानेच तो उचलला. एचआरने सोमवारी पंधरा मिनिटांची मीटिंग लावली होती, विषय काही लिहिला नव्हता. तो ताटावरून उठला तो परत बसलाच नाही. मीटिंग निघाली रजेच्या नव्या नियमांची, पण दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. हे तुम्ही स्वतः पाहिलंत आणि तरीही त्याला सांगितलंत की कुणाजवळ बोलू नकोस.

ऑफिसात तो बोलू शकत नाही, कारण पुढच्या यादीत शेजारचा आहे की आपण, हे तिथे कुणालाच माहीत नाही. घरी बोलायचं तर लग्नाच्या बायोडाटावर कंपनीचं नाव आणि पॅकेज ठळक छापलेलं. मग या मुलाने मन मोकळं कुठे करायचं? स्पष्टच सांगतो, त्याच्या नोकरीपेक्षा मला त्याच्या या कोंडीची काळजी जास्त वाटते, आणि ती कोंडी निम्मी तुम्ही केली आहे. तो बायोडाटा आजच मागे घ्या. ‘नोकरी गेली तरी घर आहे’ हे वाक्य त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मान खाली घालून काम केलं की माणूस वाचतो, हा तुमच्या कारखान्यातला अनुभव असेल, इथे तो लागू पडत नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार लोक, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या 2 टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतले लोक असतील, असंही सांगितलं. त्याच्या आदल्याच महिन्यात वर्षाला किमान 225 दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असं काम आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून, जास्तीत जास्त 35 दिवस, असा नियम तिथे आला होता. आयटीचं गणित असं चालतं. अमेरिकेतल्या ग्राहकाने प्रोजेक्ट बंद केला की इथला माणूस बेंचवर येतो, मग तो कितीही राबणारा असो. तुमच्या मुलाने वरच्यांचा शब्द तीनदा ऐकला आणि दोनदा मोडलेला पाहिला. त्याचा अविश्वास रास्त आहे. तो घालवायच्या मागे लागू नका. अशा व्यवस्थापनाला आणखी संधी द्यायचं त्याला काही कारण नाही; हातात नोकरी आहे तोवरच त्याने दुसरी शोधायला लागावं.

आता ‘राजीनामा देऊन मोकळा हो’. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो कामगाराने दिलाय. सातपूर-अंबडच्या किती गेटांवर कपातीच्या वाटाघाटी झाल्या! युनियनला दाखवल्याशिवाय तुमच्यापैकी कुणी कागदावर सही केली असती का? कंपनीने कामावरून कमी केलं तर कायद्याने कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. स्वतःहून राजीनामा दिला की ही भरपाई बुडते. पाच वर्षं पूर्ण झाल्याने ग्रॅच्युइटी त्याला तशीही मिळेल, ती कंपनीची मेहेरबानी नव्हे. इंजिनिअर ‘कामगार’ ठरतो की नाही हे पदाच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरतं, म्हणून ‘तुम्हाला कायदा लागूच नाही’ असं एचआर म्हणालं तरी लगेच मान डोलवायची नाही. त्याने एवढंच म्हणावं: ‘कागद मेलवर पाठवा, वाचून उत्तर देतो.’ मग पुण्यातल्या कामगार वकिलाला गाठावं. आणि रेकॉर्डवर डाग? कपातीत नोकरी गेलेली माणसं इतकी झाली आहेत की मुलाखतीत ‘प्रोजेक्ट बंद झाला, कपात झाली’ हे उत्तर पुरतं.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, मूल्यांकनाची पत्रं असे स्वतःचे कागद त्याने आजच घरच्या मेलवर घ्यावेत. कंपनीच्या कामाच्या फायलींना मात्र हात लावू नये. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या एकट्याच्या खात्यातून जातो, असं तुम्ही लिहिलंय. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत लग्नाचा हॉल बुक करू नका. झोप अशीच उडालेली राहिली तर त्याला डॉक्टरकडे न्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

राहिली मुलगी. एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा इंजिनिअरिंगने ती वाट बंद होत नाही. मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची, झाली आहे. ज्याला मनापासून हवी त्यानेच त्या वाटेला जावं. भावाच्या कंपनीची भीती हे तिने काय शिकायचं याचं कारण होऊ शकत नाही. सीईटीचा अर्ज तिला तिच्या मनाप्रमाणे भरू द्या. आणि तिला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, तिला मी सविस्तर उत्तर देईन.