मानसिक आजारावर उपचार घ्यायला शिकलेली माणसेही इतका उशीर का करतात?

आपण विचारले आहे की, आपला पदवीधर चुलतभाऊ वर्षभर नीट झोपत नाही, कामावर वारंवार दांड्या मारतो, तरीही मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढताच विषय बदलतो, हे असे का? मी डॉक्टर नाही. मात्र हा उशीर मी स्वतः चार वर्षे केला आहे, त्यामुळे तो आतून कसा असतो ते सांगू शकतो.

उशीर करणारा माणूस स्वस्थ बसलेला असतो, हा पहिला गैरसमज. 2014 साली डोंबिवलीहून परळला कामावर जाताना जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली (तेव्हा जलद गाड्या त्या बोगद्यातूनच जात) आणि माझी छाती धडधडू लागली, तळवे ओले झाले, आता आपण मरणार अशी खात्रीच पटली. ठाण्याला उतरून मी फलाटावरच्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. त्यानंतरच्या काळात दोनदा ईसीजी झाला, थायरॉइड तपासून झाले, पित्ताच्या गोळ्या झाल्या, आईने कुणाकडून तरी आणलेला काढाही झाला. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना हायसे वाटे आणि मी मात्र खट्टू होई, कारण दुखणे तर होतेच, फक्त त्याला नाव मिळत नव्हते. मनाचे दुखणे आपल्याकडे बहुधा शरीराच्या तक्रारी घेऊनच डॉक्टरांपुढे येते, आणि छातीत धडधडते म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे जाण्यात अडाणीपणा काहीच नाही.

त्याहून फसवी असते ती तडजोड. मी जलद गाडी सोडून धीमी धरली, कारण ती दर तीन-चार मिनिटांनी थांबते आणि वाटल्यास उतरता येते. विचारणाऱ्याला मात्र सांगत असे की, बसायला जागा मिळते. घरून वीस-पंचवीस मिनिटे आधी निघावे लागे, एवढेच. पुढे लिफ्ट सुटली, मग नाटकाला जाणे सुटले, मग लग्नकार्येही. अशा प्रत्येक माघारीनंतर काही दिवस बरे वाटते आणि आजाराचा विषय पुन्हा मागे पडतो. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले होते की, नैराश्यासारख्या विकारांत पहिल्या उपचारापर्यंत पोहोचायला साधारण 6 ते 8 वर्षे लागतात, तर चिंतेच्या विकारांत प्रकारानुसार 9 ते 23 वर्षे. चिंतेच्या बाबतीत आकडा एवढा का फुगतो, ते मला धीम्या लोकलने शिकवले.

लाज आहेच. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालापासून उभे आहे आणि ‘तुला ठाण्याला पाठवायला हवे’ ही थट्टा ऐकतच आम्ही मोठे झालो. मी स्वतः ती कितीदा केली असेल, त्याची मोजदाद नाही. त्यातच धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. भाऊ मानसोपचार घेतो हे समोरच्यांच्या कानावर गेले तर काय, हा प्रश्न घरात कोणीही उच्चारला नाही, पण मी मनातल्या मनात तो रोज सोडवत होतो. गोळ्यांची सवय लागते, हीही एक भीती. वस्तुतः नैराश्यावरच्या आणि चिंतेवरच्या नेहमीच्या दीर्घकालीन औषधांचे दारूसारखे व्यसन लागत नाही; ती एकाएकी बंद करू नयेत, हे खरे. अडचण अशी की, मळमळीसारखा त्रास आधी सुरू होतो आणि गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे कित्येकजण पहिल्या पंधरवड्यातच गोळ्या सोडतात.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते (पाहणी झालेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण त्यावर फार खूश होऊ नये). स्किझोफ्रेनियासारख्या, भास-भ्रम होणाऱ्या आजाराची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण आजारी आहोत ही जाणीवच अनेकदा आजारामुळे हरवते, त्यामुळे निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो आणि तो लवकर घेतलेला बरा.

आपल्या चुलतभावापुढे ‘मानसिक’ हा शब्द सध्या काढू नका. ‘झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ एवढेच म्हणा आणि स्वतः सोबत जा. तेही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो. तो निःशुल्क आहे.

मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञाकडे 2018 मध्ये गेलो, तेव्हा ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या ओपीडीच्या पाटीखाली फोनवर बोलण्याचे सोंग करत उभा होतो आणि केस पेपर बायकोच्या हातात होता. ‘किती दिवस झाले?’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर मी म्हणालो, ‘दोन-तीन महिने.’ बायको माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, ‘नाही डॉक्टर, ह्यांनी स्लो लोकल पकडायला सुरुवात केली ना, तेव्हापासून.’