वही भरली, पण एक पान कोरं ठेवलंय

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३४ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. दारूपायी सगळं घालवून बसलो होतो, गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात ॲडमिट झालो, तिथून आल्यापासून एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जातोय आणि अजून तरी प्यायलेलो नाही. माझे स्पॉन्सर, म्हणजे एएत मला वाट दाखवणारे जुने मेंबर, एसटीतून रिटायर झालेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी एएच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी लिहायला सांगितलीय, म्हणजे स्वतःचा आढावा घ्यायचा आणि मग पाचव्या पायरीला तो त्यांना वाचून दाखवायचा. वही जवळपास भरलीय पण एक गोष्ट लिहिलेली नाही. पिण्याच्या दिवसांत मी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि आळ आला घरी कामाला येणाऱ्या मावशींवर. मी गप्प बसलो. त्यांना कामावरून काढलं. घरात अजून कुणाला खरं माहीत नाही. काका आमच्याच भागातले, पैपाहुणे सगळे एकच, गोष्ट बाहेर गेली तर? आणि काकांच्या मनातून उतरलो तर? एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं तर चालेल ना?

उत्तर : नाही हो, नाही चालणार. उलट बाकीची वही राहू दे पण हे आधी सांगा असं मी म्हणेन. तुमच्या पत्रात दारूबद्दल एक-दोन ओळी आहेत आणि मावशींबद्दल मात्र सगळं सविस्तर, म्हणजे ठसठस कुठे आहे ते तुम्हीच दाखवलंत. दडवलेली गोष्ट स्वस्थ बसू देत नाही, घरात पाटल्यांचा विषय निघाला की पोटात गोळा येणार, रात्री झोप लागणार नाही, आणि ती बोच कशाने बधिर होते हे तुमच्या शरीराला चांगलं पाठ आहे. एएच्या १९३९ सालच्या मूळ पुस्तकात हेच बजावलंय, की काही जण बाकी सगळं सांगतात, एखादी गोष्ट पोटात ठेवतात आणि बहुतेक वेळा परत प्यायला लागतात. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पण खरंच तसं होतं.

त्याच पुस्तकात या आढाव्याला दुकानातल्या मालाच्या मोजदादीची उपमा दिलीय, मला ती फार पटते. खराब निघालेला माल बाजूला काढायचा, दुकानदाराला शिव्या घालत बसायचं नाही.

आता लिहिण्याबद्दल. या आढाव्यात रागांची यादी करतात. राग कुणाचा, कशामुळे, त्याने माझं काय दुखावलं, हे तीन रकाने लोक भराभरा भरतात, भाऊ, जमिनीची वाटणी, चारचौघांत झालेला अपमान वगैरे. पेन अडतं ते पुढे, यात माझा वाटा काय इथे. मावशींवर तर तुमचा रागच नव्हता, त्यामुळे त्या यादीत त्यांचं नाव येणारच नाही, त्यांच्यासाठी वेगळं पान घ्या. आणि ‘पाटल्या गेल्या, मावशींना काढलं’ असं मोघम नको. मी नेल्या, मला माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही, असं लिहा. मावशी दारात उभ्या राहून शपथा घेत असतील, आई रडत असेल, तेव्हा तुम्ही कुठे होता, काय करत होता, ते पैसे कशात गेले, सगळं लिहा. हात थरथरेल, थरथरू दे. लिहून झाल्यावर वही घरात इकडेतिकडे टाकू नका एवढं मात्र पाळा.

तुमची बाहेर जाण्याची भीती मला खोटी वाटत नाही. स्पॉन्सर म्हणजे डॉक्टर नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, काकांवर तसलं काही नाही, तिथे भरवसाच. म्हणून इतके दिवस त्यांना बघताय ते आठवा, मीटिंगमधल्या दुसऱ्या कुणाचं शेअरिंग त्यांनी कधी तुम्हाला सांगितलंय का? सांगितलं असेल तर थांबा आणि पाचवी पायरी दुसऱ्या कुणाजवळ करा, केंद्रातले समुपदेशक, डॉक्टर, कुणी जाणतं माणूस, एएमध्ये त्याला मुभा आहे. नसेल सांगितलं तर मग काकाच. मनातून उतरण्याचं म्हणाल तर त्यांनीही कधीतरी स्वतःची वही कुणापुढे वाचलीच असेल ना? भेटल्यावर आधी हेच पान काढा, नाहीतर चहा, गप्पा, भावाच्या तक्रारी यातच दोन तास जातात.

सांगून झाल्यावर काही जणांना फार हलकं वाटतं, काही जणांना त्या रात्री उलट जास्त अपराधी वाटतं. त्या रात्री एकटे राहू नका, काकांना फोन करायचं आधीच ठरवून ठेवा. जगणंच नको असं मनात आलं तर वाट बघू नका, १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर कधीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाहीत. तुम्ही हलके झालात तरी मावशी अजून चोरच आहेत. त्यांना वस्तीत, पुढच्या कामाच्या घरी काय काय ऐकावं लागलं असेल! भरपाई ही पुढची, नववी पायरी, ती घाईने एकट्याने करू नका, नाहीतर भावनेच्या भरात त्यांच्या दारात जाऊन रडाल आणि तुमची समजूत काढायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडेल. काकांशी बोलून आईला कधी आणि कसं सांगायचं ते ठरवा, समुपदेशक बरोबर असतील तर उत्तम. मग ज्यांच्यासमोर आळ आला त्या सगळ्यांसमोर तो तुम्ही स्वतः काढायचा, आणि मावशींचा बुडालेला पगार कसा द्यायचा तेही बघायचं. मावशी सध्या कुठे राहतात, कुठे कामाला जातात, ही चौकशी मात्र आत्तापासूनच करून ठेवा.