बेंचवरच्या स्टॉपरला

पोरी,

तुझा मेसेज वाचला. सीझनभर बेंचवर बसून कंटाळलीस, आणि त्यात क्लब म्हणतोय की फुटबॉल कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सला नाव दे. म्हणजे तुझं खेळणं संपलं, हेच ते गोड शब्दांत सांगताहेत, असा तू अर्थ काढलास. वर ती एक मॅच डोक्यातून जात नाही, ज्यात समोरच्यांचे सगळे गोल तुझ्याच बाजूने आले. "मी कुणाला काय डिफेन्स शिकवणार, सर?" असं लिहिलंयस.

धीर द्यायचं काम तुझ्या घरचे करतीलच. मी तुला लॅटव्हियाच्या एका स्टॉपरबद्दल, म्हणजे तुझ्यासारख्याच मधल्या डिफेंडरबद्दल, लिहितो. इगोर्स स्तेपानोव्स. नाव ऐकलं नसशील. ज्यांनी ऐकलंय त्यातल्या बहुतेकांना तो एका वाईट दुपारपुरताच आठवतो.

जन्म 1976 चा, ओग्रे या रीगाजवळच्या गावातला. तेव्हा लॅटव्हिया सोव्हिएत संघात होता. 1991 ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी रीगात स्कोन्तो नावाचा क्लब उभा राहिला. या क्लबने 1991 पासून 2004 पर्यंत ओळीने 14 वेळा लीग जिंकली. देश केवढा, तर आज लोकसंख्या 20 लाखांच्याही आत, आणि लोकांचं पहिलं प्रेम आइस हॉकीवर. तिथला स्टॉपर घरच्या लीगमध्ये वर्षाचे बहुतेक सामने जिंकतो आणि त्यामुळेच आपण कितपत चांगले आहोत हे त्याला कळत नाही. तुमच्या जिल्हा लीगचं काही वेगळं नाही.

2000 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने त्याला घेतलं. तिथला खेळाडू रे पार्लर याचा एक किस्सा सांगतो. स्तेपानोव्स चाचणीसाठी आला होता. बेंचवर बसलेल्या पार्लर, बर्गकॅम्प वगैरे मंडळींनी संघातल्या जुन्या स्टॉपरला, मार्टिन कीओनला, खिजवायला स्तेपानोव्सच्या प्रत्येक हेडरची मुद्दाम वाहवा सुरू केली. ती कोच आर्सेन वेंगरच्या कानावर गेली आणि पोराला करार मिळाला! किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही. पण तो आजही हसत हसत सांगितला जातो, म्हणजे त्या माणसाला आयुष्यभर काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते बघ.

आता ती दुपार. 25 फेब्रुवारी 2001, ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे मँचेस्टर युनायटेडचं मैदान. आर्सेनलचे नेहमीचे स्टॉपर, टोनी ॲडम्स आणि कीओन, दोघंही नाहीत. मधोमध स्तेपानोव्स आणि जिल ग्रिमांदी. हा ग्रिमांदी गरज पडेल तिथे खेळणारा, कधी बॅक, कधी मिडफिल्ड. उजवीकडे ओलेग लुझ्नी, डावीकडे विशीतला ॲशली कोल. युनायटेडच्या ड्वाइट यॉर्कने 22 मिनिटांत हॅटट्रिक केली. हाफटाइमला 5-1, शेवटी 6-1. दुसऱ्या दिवसापासून सगळं खापर स्तेपानोव्सवर. तो अपुरा पडला, हे खरंच आहे. यॉर्क पाठीमागे पळत राहिला आणि हा दरवेळी एक पाऊल उशिरा वळला. पण तू कोच होणार असशील तर तुला दुसरा प्रश्न पडला पाहिजे: हे चौघं याआधी एकत्र किती खेळले होते? ॲडम्स आणि कीओन एकमेकांकडे न बघता पुढेमागे सरकायचे, कारण त्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. या चौघांना तेवढा वेळ मिळालाच नव्हता. एक पुढे आला की दुसरा मागेच, आणि यॉर्कसारख्याला तेवढी फट पुरते.

पुढच्या मोसमात आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. स्तेपानोव्स लीगमध्ये 6 सामने खेळला. पदकाला तेव्हा 10 लागायचे. बेंचचं दुःख तुला एकटीला आहे असं समजू नकोस. नंतर त्याला बेल्जियमच्या बेव्हरेनकडे लोनवर धाडलं. तो संघ बहुतांश आयव्हरी कोस्टच्या तरुण पोरांचा होता. याया तूरे आणि इमॅन्युएल एब्वे त्यातलेच. त्यांच्यात हा लॅटव्हियन स्टॉपर. हा टप्पा लोक एका ओळीत उरकतात. मला मात्र वाटतं की कोच होणाऱ्याला तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळत असणार. भाषा वेगळी, खेळायची ढब वेगळी, आणि तरी मागून लाइन धरायला लावायची.

आता तो भाग, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. नोव्हेंबर 2003 मध्ये लॅटव्हियाने युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, पात्रता प्लेऑफमध्ये तुर्कस्तानला हरवलं. तुर्कस्तान म्हणजे 2002 च्या वर्ल्ड कपमधला तिसऱ्या क्रमांकाचा संघ. रीगात 1-0. इस्तंबूलमध्ये 0-2 ने मागे पडून 2-2. युरोला पोचलेला पहिला बाल्टिक देश. पोर्तुगालमध्ये पहिल्या सामन्यात झेक संघाविरुद्ध व्हेर्पाकोव्स्किसने आघाडी मिळवून दिली, पण शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन हरले. आणि 19 जून 2004 ला पोर्तोमध्ये समोर जर्मनी, वर्ल्ड कपचा उपविजेता. बलाक, कुरान्यी, नंतर बदली म्हणून क्लोजे. निकाल 0-0.

मागे कोण होतं बघ: इसाकोव्स, झेमलिन्स्किस, स्तेपानोव्स, ब्लागोनादेझ्दिन्स, आणि गोलमध्ये कोलिन्को. झेमलिन्स्किस आणि स्तेपानोव्स ही स्टॉपरची जोडी स्कोन्तोपासूनची. राष्ट्रीय संघाचा कोच अलेक्सांद्र्स स्तार्कोव्स हाच कित्येक वर्षं स्कोन्तोचाही कोच. म्हणजे क्लबमध्ये जे शब्द, तेच देशाच्या संघात. कुणी कधी पुढे यायचं, कुणी थांबायचं, हे नव्याने सांगावं लागत नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डवर 6 गोल खाल्लेला माणूस तीन वर्षांनी जर्मनीला गोल करू देत नाही. तो तेवढ्यात काही वेगवान झाला नव्हता, उलट वय वाढलं होतं. त्याच्या शेजारचे बदलले होते. (पुढच्या सामन्यात हॉलंडने तीन गोल घातले आणि लॅटव्हिया एका गुणावर घरी गेला, तेही सांगून ठेवतो. नाहीतर तू म्हणशील सर गोष्टी रंगवतात.)

पुढे तो स्वित्झर्लंड, डेन्मार्क, रशिया असा फिरत खेळला, देशासाठी 100 सामने पूर्ण केले आणि बूट काढल्यावर लॅटव्हियाच्या वयोगटातल्या पोरांचा कोच झाला. शंभर सामन्यांवर कुणी कोच होत नाही. युरोपात यूएफाच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या, लायसन्सच्या पायऱ्या आहेत, सी, बी, ए आणि प्रो. त्या माजी खेळाडूंनाही चढाव्या लागतात. आपल्याकडे सीच्याही आधी डी आहे. हा कोर्स म्हणजे तुझ्या खेळण्याचा निरोप समारंभ नव्हे. तो करूनही तू पाच वर्षं खेळू शकतेस, आणि माझं मत विचारशील तर जास्त बरी खेळशील.

आता तुझी ती मॅच. मी व्हिडिओ पाहिला. तिसऱ्या गोलाला तू चुकलीस, वेळेत वळली नाहीस. पहिल्या दोन गोलांना तुमची लेफ्ट बॅक कुठे होती? कीपरने तुला एकदा तरी हाक मारली का? आणि तू तिला? तुमच्या चौघींत कुणी कुणाशी बोलतच नव्हतं. हे दिसायला लागणं म्हणजे कोचिंग. माजी खेळाडू कोच झाला की बॉल घेऊन "हे बघ, असं करायचं" म्हणत स्वतःच करून दाखवतो. पोरी टाळ्या वाजवतात आणि शिकत काहीच नाहीत. तू तसलं करू नकोस.

क्लबच्या बारा वर्षांखालच्या पोरींची बॅच माग. चौघींना ओळीत उभं कर. आधी बॉल न देता नुसतं चालव. तू मैदानावर हात दाखवशील तिकडे चौघींनी एकत्र सरकायचं, दोघींमधलं अंतर साधारण तेवढंच ठेवून. मग बॉल आण, पण समोर विरोधी कुणी नको. मग दोन फॉरवर्ड सोड. दोनच आरोळ्या शिकव, "वर" आणि "थांब", आणि त्या मारायच्या चौघींपैकी एकाच पोरीने. पोरी कंटाळतील. पालक विचारतील की शूटिंग कधी शिकवणार. रोज शेवटी थोडा वेळ शूटिंग दे, त्याशिवाय त्या परत यायच्या नाहीत.

कोर्सचा फॉर्म भर. फीचं मी क्लबशी बोलतो, त्याची काळजी करू नकोस. आणि पोर्तोच्या त्या सामन्याची जेवढी दृश्यं सापडतील तेवढी बघ, पण बॉलकडे अजिबात बघू नकोस. बॉल जर्मनीच्या उजव्या विंगकडे असताना पलीकडचा इसाकोव्स किती आत येतो आणि परत कधी बाहेर पडतो, एवढंच एका कागदावर काढून मला पाठव. रविवारपर्यंत.

तुझा,
सर