आधी कव्हरेज, वेग नंतर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनसाठी सी प्रोग्राम लिहितोयस ना, मग एक्लिप्सला (ज्यात तू कोड लिहितोस) प्रोग्राम तपासायची सगळी टूल्स एकदम जोडू नकोस. आधी फक्त जीकोव्ह, म्हणजे कोडची कुठली ओळ किती वेळा चालली (कव्हरेज) ते दाखवणारं टूल; तेवढं तुला सहज जमेल.

१. ‘--कव्हरेज’ हा फ्लॅग कंपाइल आणि लिंक दोन्हीकडे दे. लिंकला राहिला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. नवशिके इथे अडकू शकतात. सोबत ‘-ओ०’, म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद.

२. ही मोजणी ज्यात साठते ती जीसीडीए फाइल प्रोग्राम नीट संपला तरच आपोआप लिहिली जाते. मशीनचा प्रोग्राम अखंड लूपमध्ये असतो. कंट्रोल-सीने तोडलास तर मोजणी गेली! म्हणून कंट्रोल-सीचा सिग्नल प्रोग्राममध्येच पकड, लूपमधून बाहेर ये आणि मेन संपू दे. मग एक्लिप्समध्ये त्या जीसीडीए फाइलवर डबल क्लिक केलंस की कव्हरेज दिसेल.

३. कोड बदललास की जुन्या जीसीडीए पुसून टाक.

वेगासाठी नंतर पर्फ, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सचं टूल, तेही ‘-ओ२ -जी’च्या (ऑप्टिमायझेशन चालू, डीबगची माहिती सोबत) वेगळ्या बिल्डवर. कव्हरेजच्या बिल्डमध्ये मोजणीचाच भार मिसळतो. कॅश, थ्रेड तपासणारी टूल्स सध्या बाजूला ठेव.