‘द्रुतगती मार्ग’ आणि ‘महामार्ग’

ठाण्यात माजिवड्याला राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, मुंबई-पुणे रस्त्याला ‘द्रुतगती मार्ग’, नागपूरहून येणाऱ्या समृद्धीला ‘महामार्ग’ आणि तीन हात नाक्यावरच्या रस्त्याला ‘पूर्व द्रुतगती महामार्ग’ म्हणतात. तेव्हा हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि ‘गती’ ऱ्हस्व लिहावी की दीर्घ?

समानार्थी मानू नयेत, असे माझे मत आहे. ‘महामार्ग’ हा दर्जाचा शब्द आहे. १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी प्रतवारी आखली आणि पुढे १९५६ च्या कायद्याने एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यामुळे रस्ता रुंद आहे की अरुंद, त्यावरून बैलगाडी जाते की नाही, याने त्याच्या महामार्गपणाला बाध येत नाही. (हिंदीत यालाच ‘राजमार्ग’ म्हणतात, मराठीने तो शब्द ‘यशाचा राजमार्ग’ अशा लाक्षणिक वापरापुरता राखला, हे मला बरे वाटते.)

‘द्रुतगती मार्ग’ हा मात्र बांधणीचा शब्द आहे. इटलीत मिलानहून सरोवरांकडे जाणाऱ्या अशा रस्त्याचा पहिला टप्पा १९२४ साली खुला झाला, आणि त्याचे वेगळेपण हे की तो केवळ मोटारगाड्यांसाठी राखलेला होता. इटालियन ‘आउतोस्त्रादा’, जर्मन ‘आउटोबान’ आणि ब्रिटिश ‘मोटरवे’ या तिन्ही नावांत हा रस्ता कोणाचा, हे सांगितलेले आहे. आपण ‘एक्सप्रेसवे’ हा शब्द समोर ठेवला, त्यातल्या ‘एक्सप्रेस’चे ‘द्रुतगती’ केले आणि प्रवेशावरील नियंत्रणाचा मूळ मुद्दा नावातून निसटला.

२००२ साली पूर्ण झालेल्या, कळंबोली ते किवळे अशा सुमारे ९४ किलोमीटरच्या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच शिरता येते आणि दुचाकी, रिक्षा व ट्रॅक्टर यांना तेथे मज्जाव आहे. तेव्हा त्याला हे नाव शोभते. याउलट तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली पाच मिनिटे उभे राहावे. सिग्नल सुटण्याची वाट पाहणाऱ्या रिक्षा, त्यांच्यामधून पुढे सरकणाऱ्या दुचाकी आणि घाईने रस्ता ओलांडणारे पादचारी पाहिले की ‘द्रुतगती महामार्ग’ हे केवळ विशेषनाम उरले आहे, हे पटते. विशेषनाम म्हणून ते तसेच चालू द्यावे, त्यावरून व्याख्या मात्र करू नये. भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधणीने द्रुतगती मार्गच आहे. पण ‘महामार्ग’ हा शब्द अधिक व्यापक असल्याने त्या नावात चूक नाही.

आता ऱ्हस्व-दीर्घाविषयी. ‘गति’ हा मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त असला तरी मराठीत सुटा लिहिताना ‘गती’ असा दीर्घान्त होतो, आणि समासाच्या पूर्वपदी आला की पुन्हा ऱ्हस्व राहतो. म्हणून सुटे लिहिल्यास ‘द्रुतगती मार्ग’, जोडून लिहिल्यास ‘द्रुतगतिमार्ग’. दोन्ही शुद्ध, ‘द्रुतगतीमार्ग’ तेवढे अशुद्ध. आमच्या सोसायटीच्या वळणावर ‘पुढे गतीरोधक आहे’ अशी पिवळी पाटी कित्येक वर्षे उभी आहे, तीही याच नियमाने ‘गतिरोधक’ अशी हवी होती.