दुकानाच्या काउंटरला बाहेरून काय लावलं तर जास्त टिकेल?

तुम्ही विचारलंय की नव्या दुकानाच्या काउंटरला प्लायच्या सांगाड्यावर सनमायका लावावा, ग्रॅनाइट, स्टीलचा पत्रा, की हल्ली सगळीकडे दिसतं ते चकचकीत ॲक्रिलिक? आणि एकदा केलं की निदान दहा वर्षं हात लावायला लागू नये. मी दुकानांचं फर्निचर करतो. नवं काउंटर बसवण्याआधी बहुतेक वेळा जुनं उचकटावं लागतं, आणि उचकटताना जे दिसतं त्यावरूनच सांगतो.

काउंटर मधोमध खराब झालेलं मी फार क्वचित पाहिलंय. ते जातं खालून आणि कडांवरून. एका काउंटरचा सनमायका समोरून अगदी नवा दिसत होता, पण खालची चार बोटं फुगली होती. पटाशी घालून ओढलं तर आतला प्लाय भिजलेल्या वहीच्या पानांसारखा थर-थर सुटून हातात आला. रोज लादी पुसताना ओला पोछा तिथे टेकायचा आणि प्लायची खालची उघडी कड ते पाणी वर शोषून घ्यायची. मालकांनी त्याआधी दोनदा सनमायका बदलला होता. त्याचा काही दोषच नव्हता.

म्हणून आधी खालचं ठरवा, रंग-डिझाइन नंतर. जमिनीलगतची चार इंच पट्टी दोन-तीन इंच आत घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बुटाचं टोक काउंटरवर आपटत नाही. या पट्टीला दगड किंवा स्टील लावा. प्लाय थेट लादीवर टेकवू नका, आणि त्याच्या कापलेल्या कडा बंद करून घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, तर काउंटरच्या खालच्या भागात नकोच. खात्री करायची असेल तर त्याचा एक तुकडा रात्रभर पाण्यात टाका आणि सकाळी जाडी मोजा.

समोरच्या उभ्या भागाला माझं मत सरळ आहे: १ मिमीचा चांगला लॅमिनेट, मॅट किंवा हलकं टेक्श्चर असलेला. सनमायका म्हणतो तो हाच. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाच्या थरांवर डिझाइनचा कागद ठेवून १२० अंशांच्या वर उष्णता आणि प्रचंड दाब देऊन तो बनतो. त्यामुळे पृष्ठभाग कडक असतो, पण डिझाइन फक्त वरच्या पातळ थरात असतं. म्हणूनच गडद चकचकीत रंगावर एक ओरखडा पडला तरी पांढरी रेघ दुरून दिसते. मध्यम रंग आणि बारीक नक्षी असेल तर तेवढाच ओरखडा दिसतही नाही.

चकचकीत ॲक्रिलिक समोर लावू नका असंच मी सांगेन. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठीणता मोह्सच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७ येते. ॲक्रिलिक त्यापुढे फारच मऊ. म्हणजे कोरड्या फडक्याने रोज पुसणं हेच त्याला रोज घासणं होतं. मागच्या भिंतीवर, जिथे कुणाचा हात लागत नाही, तिथे ते खुशाल लावा, छान दिसतं.

वरच्या फळीचं उत्तर तुम्ही काय विकता यावर आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओलं, तेलकट किंवा जड सामान असेल तर ग्रॅनाइट. त्याची कठीणता ६ ते ७, त्यामुळे नाणी, चाव्या, लोखंडी वस्तू घासून त्याला काही होत नाही. मार्बल मात्र दिसायला कितीही आवडला तरी घेऊ नका: कठीणता ३ च्या आसपास, आणि काहीही आंबट सांडलं की पॉलिश जाऊन डाग बसतो. ग्रॅनाइटमध्ये वजनाचा हिशोब विसरू नका. २० मिमी जाडीच्या एका चौरस फुटाचं वजन साधारण ५ किलो, म्हणजे आठ बाय दोन फुटांची फळी ८० किलोची. सांगाडा त्या हिशोबाने करायला सांगा, आणि जोड येईल तिथे खाली आधार हवाच. काचेच्या वस्तू विकत असाल तर ग्रॅनाइट टाळा, हातातून निसटली की फुटलीच. कपडे, कागद, मोबाइल असं सुकं काम असेल तर वरही लॅमिनेट पुरतो.

स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं दुकानात सांगतात. ते खरं नाही, स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. पत्रा प्लायवर पूर्ण चिकटवून बसवायचा, नाहीतर हात ठेवला की ढबढब वाजतो आणि पोचे येतात. फिनिश हेअरलाइन, म्हणजे बारीक रेघांचं, असू द्या, बारीक चरे त्या रेघांत मिसळून जातात. साध्या लोखंडी घासणीने मात्र कधी घासू नका: तिचे कण स्टीलवर राहतात आणि तेच गंजतात.

आता कडा. पैसे कमी पडले तर लॅमिनेट एक दर्जा खालचा घ्या, पण कडेला २ मिमीची एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावाच. गिऱ्हाइकाच्या बाजूचा कोपरा गोल करून घ्या किंवा त्यावर ॲल्युमिनियमचा अँगल बसवा. पिशव्या, पट्ट्याचे बक्कल, सामानाची खोकी सगळं तिथेच आपटतं. काटकोनातला उघडा लॅमिनेट एकदा टवका उडाला की तिथून सुटत जातो.

निवडताना कॅटलॉगमधल्या तुकड्यावर बोट फिरवून काही कळत नाही. दोन-तीन नमुने मागून आणा आणि चार दिवस खिशात किल्ल्यांसोबत ठेवा. मी स्वतः नवीन शीट अशीच पारखतो. काम झाल्यावर उरलेला लॅमिनेटचा एक मोठा तुकडा सुताराला नेऊ देऊ नका, शीटचा नंबर मागे लिहून काउंटरच्या आतच ठेवा. दोन-तीन वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो, आणि एका कोपऱ्यासाठी सगळी बाजू बदलावी लागते.